परीक्षेचा साचा बदलतो तेव्हा कोण मागे पडतो?

परीक्षेचे स्वरूप बदलले की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिली म्हणतात, "नियम सर्वांना सारखेच आहेत, मग तक्रार कसली?" दुसरी म्हणतात, "आपली पोरे दारापर्यंत पोहोचली की दार बदलतात." या दोन्ही मतांत अर्धेच सत्य आहे आणि अर्ध्या सत्यावर कोणत्याही मुलाची तयारी होत नाही. गेली काही वर्षे आम्ही नवी मुंबईतल्या एका वस्तीत अभ्यासिका चालवतो. तिथली तीन मुले विमागणिताच्या परीक्षांना बसली, ऐन मध्यावर त्या परीक्षांचे स्वरूप बदलले आणि शेवटी मॉडेलिंगच्या पेपरची तयारी आम्हाला सर्वांना मिळून करावी लागली. त्या अनुभवावरून काही मुद्दे मांडत आहोत.

आधी हा पेशा काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांत डॉक्टर, वकील, तहसीलदार माहीत असतात. ॲक्च्युअरी माहीत नसतो. ॲक्च्युअरी म्हणजे विमागणितज्ञ. किती माणसे किती वयात मरतील, आजारी पडतील, निवृत्त होतील याचा अंदाज बांधून विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शन फंडात किती पैसा लागेल, हे तो ठरवतो. आपल्याकडे 2006 च्या कायद्याने इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ही संस्था या पेशाचे नियमन करते. एकामागून एक अनेक पेपर द्यावे लागतात. वर्षे जातात. या परीक्षांत आरक्षण नाही आणि वयाची सवलत हा विषयच नाही. विद्यापीठाची पदवी हाती असली तरी इथे पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. म्हणूनच इथे शिरणारी मुले बहुतेक करून अशा घरांतली असतात जिथे पाच-सात वर्षे थांबण्याची ऐपत आहे.

आता बदल काय झाला ते पाहू. 2018 पर्यंत सुरुवातीचे विषय 'सीटी' मालिकेत होते. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर ते देता येत. 2019 पासून लंडनच्या संस्थेने अभ्यासक्रम नव्याने बांधला आणि भारतातील संस्थेनेही तोच मार्ग घेतला. सीटी जाऊन सीएम, सीएस, सीबी अशा मालिका आल्या. सांख्यिकी आणि वित्तगणिताच्या विषयांना दोन पेपर झाले. 'अ' पेपर नेहमीसारखा आणि 'ब' पेपर संगणकावर. सीएस विषयांत 'आर' ही संगणकीय भाषा आणि सीएम विषयांत एक्सेल. पुढच्या टप्प्यावरचा मॉडेलिंगचा पेपर, जो आधी सीए 2 म्हणून ओळखला जाई, तो सीपी 2 झाला. हा पेपर पूर्वीही संगणकावरच होता. फरक असा की पूर्वी संगणकाची गाठ बऱ्याच उशिरा पडे. आता ती पहिल्या पायरीवरच पडू लागली.

या बदलात एक बारीक गोष्ट होती, जी वृत्तपत्रात कधी येणार नाही. जुने सीटी 1 आणि सीटी 5 हे दोन्ही विषय उत्तीर्ण असतील तरच नवा सीएम 1 मिळाला असे धरले जाई. दोनपैकी एकच झाला असेल तर हातात शून्य. आमच्या तिघांपैकी एकाचे नेमके असेच झाले. तो रात्रपाळीला एका गोदामात काम करत होता, म्हणून एका सत्रात एकच विषय देत असे. ज्याच्या वडिलांनी दोन वर्षे घरी बसवून अभ्यास करू दिला त्याचे दोन्ही विषय वेळेत झाले, त्याला नवा विषय आयता मिळाला. नियम दोघांनाही एकच होता. पण नियम जेव्हा वेगाने चढणाऱ्याला बक्षीस देतो, तेव्हा तो प्रत्यक्षात मोकळ्या वेळेला बक्षीस देत असतो. आणि मोकळा वेळ ही या देशात वारशाने मिळणारी संपत्ती आहे!

म्हणजे हा सगळा कट होता का? नाही. आम्ही आमच्या कार्यकर्त्यांनाही हेच सांगितले. हा बदल आपल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून कोणी केलेला नव्हता. आपली मुले कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतीच, आणि खरा मुद्दा तोच आहे. कट करणाऱ्याशी भांडता तरी येते. ज्याला तुम्ही दिसतच नाही त्याच्याशी भांडण्यापूर्वी आधी तिथे जाऊन उभे राहावे लागते.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही पिअर बोर्द्यू या फ्रेंच विचारवंताची सांस्कृतिक भांडवलाची संकल्पना शिकलो होतो. घरातून मिळणारी भाषा, सवयी, ओळखी, पुस्तके हेसुद्धा भांडवलच असते आणि शाळा-परीक्षा त्या भांडवलाचे रूपांतर गुणांत करतात. ही संकल्पना परीक्षेच्या बदललेल्या स्वरूपाला लावून पाहिली तेव्हा आम्हाला एक उलटी गोष्ट दिसली. जुन्या परीक्षेत ज्यांच्याकडे दहा-दहा वर्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका होत्या, मोठ्या भावाच्या नोट्स होत्या, क्लासचे ठरावीक साचे होते, त्यांचे ते भांडवल स्वरूप बदलल्याबरोबर निम्म्याने उतरले. नव्या पेपरच्या जुन्या प्रश्नपत्रिका कोणाकडेच नव्हत्या. थोडा काळ का होईना, सगळेच नवखे झाले. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलासाठी बदल हे संकट असते, तशी ती एक फटही असते. पण ती फट फार काळ उघडी राहत नाही. चार-पाच सत्रांत नवे क्लास उभे राहतात, नव्या नोट्स तयार होतात आणि भिंत पुन्हा बुजते.

त्या फटीतून आत जायचे तर आधी यंत्र पाहिजे. तिघांत मिळून एक लॅपटॉप होता, तोही जुना. एका महाविद्यालयाकडे रविवारी दोन तास संगणक कक्ष मागितला. "बाहेरच्यांना देत नाही" असे उत्तर मिळाले. मग वर्गणी काढून आम्ही दोन वापरलेले लॅपटॉप घेतले. इथे 'आर' आमच्या कामी आली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात ती तयार केली आणि ती सर्वांना मोफत आहे, जुन्या यंत्रावरही चालते. एक्सेलचे तसे नाही, त्याला पैसे पडतात. सुरुवातीला मुलांनी मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसवर सराव केला, पण परीक्षेत समोर एक्सेल येणार असेल तर बोटांना एक्सेलचीच सवय हवी. एका लॅपटॉपवर आम्ही ते रीतसर विकत घेतले आणि तिघांनी वेळ वाटून घेतला. मुलीला सकाळची वेळ, रात्रपाळीवाल्याला दुपारची, तिसऱ्याला रात्रीची.

यंत्र आले तरी प्रश्न संपला नाही. मॉडेलिंगच्या पेपरात फक्त उत्तर काढून भागत नाही. कच्ची माहिती हातात येते. ती आधी तपासायची, चुकीच्या नोंदी शोधायच्या, गृहीतके मांडायची, एक्सेलमध्ये गणित उभे करायचे, ते बरोबर आहे का याच्या चाचण्या घ्यायच्या. मग केलेल्या प्रत्येक पायरीची नोंद अशी लिहायची की दुसरा माणूस ती वाचून तेच काम पुढे नेऊ शकेल. याला ऑडिट ट्रेल म्हणतात. आणि शेवटी निष्कर्षांचा सारांश लिहायचा. आमची मुले गणितात पक्की होती. नोंद लिहायला सांगितली की हात थांबत. "दादा, गणित तर केलंय ना, मग परत लिहायचं कशाला?" असे ती मुलगी विचारायची. वर्षानुवर्षे या मुलांना उत्तर काढायला शिकवले गेले होते. ते समजावून सांगायला त्यांना कोणी कधी बोलावलेच नव्हते.

मग आम्ही पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि वस्तीच्या मंडळाची मयत फंडाची वही काढली.

मयत फंड काय असतो हे आमच्या बऱ्याच वाचकांना सांगायला नको. घरटी महिन्याला 50 रुपये वर्गणी, घरात कोणी गेले की अंत्यविधीला 15 हजार रुपये. आमच्या मंडळात आज 200 घरे आहेत. म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार जमा. वर्षात 8 मयत झाल्या की सगळी जमा संपते, नववी झाली की तूट येते. खजिनदार काकांकडे 12 वर्षांच्या नोंदी होत्या. मुलांना सांगितले, हाच तुमचा प्रश्न. फंड टिकेल का, ते सांगा.

पहिला आठवडा नोंदी तपासण्यात गेला. वहीत 86 मयती होत्या. त्यांपैकी दोन माणसे दोनदा लिहिलेली निघाली, एकदा घरातल्या नावाने आणि एकदा कागदोपत्री नावाने. राहिल्या 84. बारा वर्षांत 84 म्हणजे वर्षाला सरासरी 7. पहिल्या मॉडेलने सांगितले की सरासरी 7 असली तरी 9 किंवा त्याहून जास्त मयती होण्याची शक्यता शंभरात सुमारे 27 आहे. 'आर'मध्ये एका ओळीत दहा हजार काल्पनिक वर्षे पाडून मुलांनी तेच पुन्हा तपासले. आकडे जुळले. दोन्ही मुलगे म्हणाले, झाले.

मुलगी म्हणाली, झाले नाही. बारा वर्षांपूर्वी घरे 160 होती, आज 200 आहेत. ती हळूहळू वाढली. म्हणजे त्या 84 मयती 200 घरांतल्या नाहीत, सरासरी 180 घरांतल्या आहेत. त्याच प्रमाणाने आजच्या 200 घरांत वर्षाला 7 नव्हे, 7.8 च्या आसपास मयती धराव्या लागतील. नव्या गृहीतकाने तुटीची शक्यता शंभरात 27 वरून सुमारे 38 वर गेली. दहा वर्षांत जवळजवळ चार वर्षे तुटीची!

मॉडेलिंगचा पेपर जे मागतो ते हेच. उत्तर आले म्हणून थांबायचे नाही, ते उत्तर कशावर उभे आहे ते विचारायचे. आणि हे त्या मुलीला कोणत्या क्लासने शिकवले नव्हते. तिने वस्ती वाढताना पाहिली होती म्हणून तिला ते सुचले.

दुसरी अट आम्ही अशी घातली की सारांश मंडळाच्या बैठकीत मराठीत वाचायचा, आणि तोच नंतर इंग्रजीत लिहायचा. बैठकीत एका आजींनी सरळ सांगितले, "बाई, शंभरात अडतीस मला कळत नाही. माझ्या वेळेला पैसे असतील का, तेवढं सांग." मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, वर्गणी 50 च राहिली तर दर पाच वर्षांतली दोन वर्षं हात पसरावे लागतील. 60 केली तर चारांतलं एक वर्ष." एवढे ऐकून वर्गणी 60 करण्याचा ठराव झाला. एका काकांनी विरोधही केला. ज्याच्या घरी दोनच माणसे आहेत त्याने दहा माणसांच्या घराएवढीच वर्गणी का द्यावी, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल अगदी विमागणिताचाच आहे. मुलांनी तो आपल्या नोंदीत 'पुढे करायचे काम' या मथळ्याखाली लिहून ठेवला. सहा महिने जे शिकवून जमत नव्हते, ते एका बैठकीत जमले. ऑडिट ट्रेल म्हणजे पुढच्या खजिनदारासाठी स्वच्छ लिहिलेली वही, हे एकदा कळल्यावर कोणीही "परत लिहायचं कशाला" असे विचारले नाही.

याच कामात मुलांनी आणखी एक प्रश्न विचारला. आपल्याकडे विमा कंपन्या मृत्युमानासाठी जो तक्ता वापरतात, त्यापैकी 2012-14 चा तक्ता विमाधारकांच्या अनुभवावरून बनवलेला आहे. ज्यांनी विमा घेतलाच नाही ते त्यात नाहीत. मयत फंडावर जगणारी आमची वस्ती त्या तक्त्यात कुठे आहे? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर आणि पूर्वेकडील नऊ राज्यांच्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात दलितांचे आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले होते. तक्ता खोटा नाही, तो ज्यांचा आहे त्यांच्यापुरता खरा आहे. पण हा फरक ओळखून बैठकीत बोट वर करणारा माणूस ॲक्च्युअरीच्या खुर्चीत असला पाहिजे. तो नसेल तर आपले मरणसुद्धा हिशेबात धरले जाणार नाही.

आणि हा विषय आपल्याला परका आहे असे कोणी समजू नये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे होते. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला, त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या 1947 च्या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यायला लावावा, अशी मांडणी केली होती. त्या मुलीचे वडील एका टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहेत. त्यांच्या पगारातून आज 0.75 टक्के रक्कम ईएसआयसाठी कापली जाते आणि मालक 3.25 टक्के भरतो. हे टक्के कुठून येतात, ते पुरतात की नाही, हा प्रश्न वडिलांच्या पगारपत्रकावर आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याची विद्या लेक शिकते आहे.

शेवटी निकाल. तिघांपैकी दोघे मॉडेलिंगचा पेपर उत्तीर्ण झाले, त्यात ती मुलगी आहे. रात्रपाळीवाला राहिला. त्याला गणित येत होते, नोंद लिहिताही येत होती. पण घड्याळ लावून सलग तीन तास बसण्याचा सराव त्याच्या वाट्याला फार थोडा आला, कारण दुपारी तो झोपेच्या उधारीवर बसायचा. तो पुन्हा बसणार आहे. या वेळी सरावाच्या दिवसांचा बुडालेला पगार अभ्यासिका भरून देणार, असे आम्ही ठरवले आहे. पुस्तके, लॅपटॉप, फी यांसाठी देणगी देणारे भेटतात. झोपेसाठी देणगी मागायला आपण अजून शिकलेलो नाही, ती मागायला शिकले पाहिजे.

ज्या कार्यकर्त्यांच्या वस्तीत अशी मुले आहेत त्यांना आमचे तीन गोष्टींचे सांगणे आहे. स्वरूप बदलल्याची बातमी आली की निषेधाचे पत्रक काढण्याआधी नवा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि मुलांसोबत बसून ओळ न् ओळ वाचा. जुने विषय कसे धरले जाणार ते त्याच आठवड्यात तपासा, नुकसान होते ते तिथेच. आणि सरावासाठी माहिती शोधत बाहेर फिरू नका. बचत गटाची वही, भिशीचा हिशेब, मयत फंड, रेशनचे रजिस्टर, सगळे आपल्याच वस्तीत आहे. तिथला आकडा चुकला तर कोणाचे तरी नुकसान होते, हे मुलाला ठाऊक असते. तेवढे ठाऊक असले की तो आकडा दोनदा तपासतो.

नियम सर्वांना सारखेच आहेत असे म्हणणाऱ्यांना आम्ही आता एवढेच विचारतो, तयारीचे तासही सर्वांना सारखे मिळतील याची तजवीज कोण करणार? जोवर कोणी करत नाही, तोवर आपणच करायची आहे.